ऑफिसच्या टेबलावर काय ठेवावं? गॅजेट्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी गेली १४ वर्षं आयटी सपोर्टचं काम करते. मशीन अडलं की लोक मला बोलावतात आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंतच्या पाच मिनिटांत हमखास एक प्रश्न येतो: "मॅडम, हे अमुक घेऊ का? सेल लागलाय." तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एका जागी लिहून काढली. मी स्वतः वापरलेल्या किंवा आमच्या मजल्यावर कुणीतरी महिनोन्‌महिने वापरताना पाहिलेल्या वस्तूंबद्दलच इथे लिहिलं आहे. किमती दर सणाला बदलतात, म्हणून दिलेल्या नाहीत. काय तपासून घ्यायचं ते मात्र दिलं आहे.

एकच वस्तू घ्यायची तर कोणती घेऊ?

तुम्हाला दिवसभरात काय सलतं, त्यावर ते ठरतं. एक दिवस टेबलावर कोरा कागद ठेवा आणि वैताग आला की त्यावर एक ओळ लिहा. "मान अवघडली." "चार्जर घरी राहिला." "शेजारी फोनवर मोठ्याने बोलतायत." संध्याकाळी जी ओळ सगळ्यात जास्त वेळा दिसेल, तिच्यासाठी पैसे खर्च करा आणि बाकीचं राहू द्या. आमच्या ऑफिसातल्या ड्रॉवरांमध्ये पडून असलेल्या वस्तू पाहिल्या की मला खरंच वाईट वाटतं. वस्तू चांगल्या होत्या, पण घेणाऱ्याला त्यांची गरज नव्हती.

तरीही नाव घ्यायचंच झालं, तर लॅपटॉपवर रोज चार तासांहून जास्त बसणाऱ्याने स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माऊस घ्यावा. ही तिन्ही मिळून एकच वस्तू समजा.

लॅपटॉप स्टँडने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो लवकर जाणवतो. लॅपटॉपची अडचण त्याच्या घडणीतच आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात आरामात टेकवले की पडदा खाली जातो आणि पडदा डोळ्यांसमोर आणला की हात उचलावे लागतात. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं. सरळ बसल्यावर ते मणक्यावर तोललेलं राहतं, पण पुढे झुकलं की त्याचा भार मानेचे आणि पाठीच्या वरच्या भागाचे स्नायू पेलत बसतात. संध्याकाळी खांद्यांच्या मधोमध जो ठणका लागतो तो बहुतेक वेळा त्याचाच.

पैसे घालवण्याआधी प्रिंटरजवळून ए-फोर कागदाच्या दोन न फोडलेल्या रीम आणा. एक रीम साधारण पाच सेंटीमीटर जाड असते, म्हणजे दोन्ही मिळून दहा. त्यावर लॅपटॉप ठेवा, एखादा बाहेरचा कीबोर्ड मागून घ्या आणि आठवडाभर तसंच काम करा. पडद्याची वरची कडा साधारण डोळ्यांच्या रेषेत, पडदा हातभर लांब आणि कोपर काटकोनात, एवढं जुळलं की पुरे. आठवड्याने बरं वाटलं तर स्टँड घ्या आणि रीम परत नेऊन ठेवा. आमच्या अकाउंट्समधल्या एका काकांनी स्टँड घेतलाच नाही. त्यांनी जुन्या फायलींचे बॉक्स नीट रचले आणि त्यांचं सहा वर्षं छान चाललंय.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर हाच नियम थोडा बदलतो. जवळचं पाहण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. पडदा उंच ठेवला की माणूस हनुवटी वर करून पाहायला लागतो आणि मान उलट्या बाजूने दुखते. त्यांनी पडदा चार-पाच सेंटीमीटर खालीच ठेवावा.

दुकानात स्टँड पाहताना एकच परीक्षा घ्या. त्यावर लॅपटॉप ठेवून पडद्याच्या कोपऱ्याला हलका धक्का द्या. बराच वेळ थरथरत राहिला तर तो घेऊ नका.

स्टँड घेतला, पण टाइप लॅपटॉपवरच केलं तर चालेल?

नको. मान सुटेल आणि मनगटं अडकतील.

वायरलेस माऊस मधेच अडखळतो. नवा घेऊ का?

आधी त्याच्या चिमुकल्या रिसीव्हरची, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीत खोचलेल्या तुकड्याची, जागा बदला. हे माऊस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. यूएसबी ३ च्या पोर्टमधून किंवा त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कमधून याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. रिसीव्हर त्या डिस्कला खेटून बसला असेल तर माऊसचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर यूएसबीची छोटी एक्स्टेंशन वायर लावून अर्धा फूट लांब आणा. "माऊस खराब झाला" म्हणून माझ्याकडे आलेले कितीतरी माऊस एवढ्यावरच सुधारलेत.

मनगट दुखत असेल तर उभा माऊस वापरून पाहण्यासारखा आहे. त्यावर हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा राहतो, त्यामुळे कोपराखालच्या दोन हाडांना सतत पीळ बसत नाही. पहिले चार-पाच दिवस नेम चुकतो, तेवढं सोसा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर माऊस शोधत बसू नका, डॉक्टरांना हात दाखवा.

मेकॅनिकल कीबोर्डचं एवढं कौतुक का?

साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराचा एक पातळ थर असतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्विच असतो. बटण तळापर्यंत दाबायची गरज पडत नाही, बोटाला नेमका स्पर्श कळतो आणि एखादं बटण बिघडलं तर बऱ्याच मॉडेलमध्ये तेवढंच बदलता येतं. दिवसभर टाइप करणाऱ्याला हे सुख आहे आणि ते मी मनापासून सांगते.

स्विचच्या रंगाकडे मात्र लक्ष द्या. निळे स्विच टकटक वाजतात, तपकिरी बोटाला हलका खाच दिल्यासारखे लागतात पण आवाज कमी करतात, लाल सरळ आणि शांत खाली जातात. उघड्या हॉलमध्ये बसत असाल तर निळे घेऊ नका. तुम्हाला तो आवाज गोड वाटेल, पण शेजारच्याला तो दिवसाचे आठ तास ऐकावा लागेल.

ऑफिसात मराठीत लिहावं लागतं. त्यासाठी वेगळा कीबोर्ड घ्यावा लागतो का?

नाही. आहे त्याच कीबोर्डवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावले तरी काम भागतं आणि महिन्याभराने तेही लागत नाहीत. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते.

इन्स्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाणित कीबोर्ड-मांडणी शिका, असा माझा आग्रह आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि वेग येतो. इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवून मराठी लिहिण्याचा शीणही वाचतो. रोज वीस मिनिटं दिली तर तीन-चार आठवड्यांत हात बसतो. "दऱ्या", "पुऱ्या", "कुऱ्हाड" या शब्दांतला अर्धा र अनेकांना सापडत नाही. शिफ्ट धरून इंग्रजी J चं बटण दाबा, मग शिफ्ट सोडून D चं दाबा आणि पुढे य किंवा ह टाइप करा. हे कळल्यावर आमच्या एचआरमधल्या ताईंनी जुन्या परिपत्रकांतले सगळे "दर्या" एका बैठकीत दुरुस्त केले.

लांब मजकुराचा कच्चा खर्डा बोलूनही लिहिता येतो. गूगलचं बोलून लिहिणं २०१७ पासून मराठीत चालतं. विरामचिन्हं आणि आडनावं मात्र नंतर हाताने तपासावी लागतात.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले, तरी मीटिंगमध्ये सगळे म्हणतात की मागचा गोंगाट येतो. असं का?

कारण ते तंत्र तुमच्या कानांसाठी आहे, समोरच्याच्या कानांसाठी नाही. खोक्यावर दोन वेगळी नावं असतात आणि दुकानदारही त्यात गल्लत करतात. एएनसी म्हणजे बाहेरचा आवाज तुम्हाला कमी ऐकू येणं. ईएनसी म्हणजे तुमच्या माइकमधून पलीकडे जाणारा गोंगाट गाळणं. दिवसभर कॉलवर असाल तर दुसरं पाहा.

एएनसीची युक्ती सुंदर आहे. हेडफोनवरचा छोटा माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि आतला स्पीकर त्याच्या बरोबर उलट लहर सोडतो. उंचवट्यावर खड्डा बसला की जमीन सपाट होते, तसंच काहीसं. बोस या हेडफोन-स्पीकरच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला विमानाने परतत होते. कानात संगीत असूनही इंजिनाची घरघर जाईना, म्हणून त्यांनी प्रवासातच याची आकडेमोड सुरू केली. बाजारात विकण्याजोगा वैमानिकांचा हेडसेट यायला १९८९ उजाडलं.

घरघर एकसारखी असते, म्हणून तिला उलट लहर जुळवता येते. एसी, पंखा, लोकलचा खडखडाट, बसचं इंजिन यांवर हे हेडफोन उत्तम चालतात. माणसाचं बोलणं क्षणाक्षणाला बदलतं, म्हणून शेजारच्या टेबलावरचा वाद त्यातून ऐकू येतच राहतो. त्यासाठी कान पूर्ण झाकणारी जाड गादी जास्त उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की बऱ्याच जोडण्यांत आवाजाचा दर्जा एकदम उतरतो, कारण त्याच अरुंद वाटेवरून आता दोन्ही बाजूंची वाहतूक होते. रोज तीन-चार मीटिंग असतील तर तोंडाजवळ दांडी असलेला साधा यूएसबी वायरचा हेडसेट घ्या. दिसायला कॉल सेंटरसारखा असतो, पण तुमचं बोलणं स्वच्छ पोचतं, चार्जिंग संपत नाही आणि किंमतही कमी असते. आमच्या मजल्यावर मी सगळ्यात जास्त हाच घ्यायला लावलाय.

आवाजाची मर्यादा पाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो. त्याहून मोठ्याने ऐकायचं तर तास झपाट्याने कमी होत जातात. समोरच्याने नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि ती अजिबात कळली नाही, तर आवाज कमी करायची वेळ झाली आहे.

फोन, लॅपटॉप आणि इअरबड्ससाठी तीन चार्जर नेतो. एकात भागेल का?

लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर नक्की भागेल. "गॅन" लिहिलेला ६५ वॅटचा, दोन किंवा तीन पोर्टचा चार्जर घ्या. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. जुन्या चार्जरमधल्या सिलिकॉनपेक्षा ते विजेची उघडझाप जास्त वेगाने करतं आणि त्यात कमी ऊर्जा वाया जाते. उघडझाप जलद झाली की आतला ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. म्हणून विटेएवढ्या चार्जरचं काम आता पेढ्याच्या छोट्या डबीएवढ्या वस्तूत होतं.

लॅपटॉपच्या जुन्या चार्जरवरचे बारीक आकडे वाचा. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट येतो. तुमचा आकडा ९० किंवा १३० असेल तर ६५ चा चार्जर त्याला धापा टाकत चार्ज करेल किंवा नकार देईल. अनेक चार्जरवर ६५ हा आकडा एकाच पोर्टचा असतो. दुसऱ्या पोर्टला फोन लावला की वाटणी होते, उदाहरणार्थ ४५ आणि २० अशी. ती वाटणी खोक्याच्या मागे छापलेली असते.

वायरीचंही तसंच. साधी यूएसबी-सी वायर तीन अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत नेते. त्यापुढे पाच अँपिअरची वायर लागते आणि तिच्या टोकात स्वतःची क्षमता सांगणारी चिप असते. चार्जर महागाचा आणि वायर फोनसोबत आलेली, अशी जोडी मी दर महिन्याला पाहते.

यूएसबी-सी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) घेतला, पण मॉनिटरवर काहीच दिसत नाही. हब खराब आहे का?

बहुधा नाही. यूएसबी-सी हे फक्त भोकाचं नाव आहे, त्यातून काय काय जाईल ते लॅपटॉप ठरवतो. काही पोर्टांतून चार्जिंग आणि फायली जातात, पण चित्र जात नाही. पोर्टच्या शेजारी डी आणि पी ही अक्षरं गुंफलेली छोटी खूण किंवा विजेची खूण असेल तर चित्र जातं. खूण नसेल तर मॉडेलची माहिती वाचा, मगच हब घ्या. लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर हबच्या भानगडीत न पडता सरळ वायर लावा.

४के मॉनिटरवर माऊस जड चालल्यासारखा वाटत असेल तर हब सेकंदाला ३० चित्रंच पाठवत असेल. घेताना ६० लिहिलेलं आहे का ते पाहा.

घरून काम करताना वीज गेली की वाय-फाय जातं. इन्व्हर्टर घ्यावा लागेल का?

फक्त इंटरनेटसाठी नाही. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तळहाताएवढा. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात गुणी वस्तू आहे. पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या दुरुस्तीचा वार, आणि पावसाळ्यात तर वाराचा प्रश्नच नसतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. अडतं ते फक्त राउटरवर, आणि तो पिऊन पिऊन किती वीज पिणार? साधारण आठ-दहा वॅट.

हिशेब करून पाहा. छोट्या यूपीएसमध्ये ८,००० एमएएचची बॅटरी आहे असं धरू. तिला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की जवळपास ३० वॅट-तास होतात. थोडी ऊर्जा वाया गेली तरी आठ वॅटचा राउटर तीन तास चालतो. दुपारची मीटिंग त्यात आरामात बसते.

घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचा आउटपुट वाचा. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, काही नऊचे किंवा पाचचे. व्होल्ट तंतोतंत जुळलेच पाहिजेत. अँपिअर यूपीएसवर तेवढे किंवा जास्त असले तर चालतात. घरात फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोघांनाही वीज द्यावी लागते, तेव्हा दोन पिना असलेला यूपीएस घ्या.

फायबरचं जोडणीजाळं बहुतेक ठिकाणी पॅसिव्ह असतं. कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत मधे फक्त प्रकाश वाटणारे काचेचे जोड असतात, त्यांना वीज लागत नाही. त्यामुळे आख्ख्या गल्लीत अंधार असला तरी तुमचं इंटरनेट चालू राहू शकतं. याउलट केबलवाल्याने इमारतीच्या गच्चीवर इंटरनेट वाटणारा स्विचचा डबा ठेवून तिथून वायरी सोडल्या असतील तर तो डबा बंद पडतो आणि घरातल्या यूपीएसचा काही उपयोग होत नाही. माझ्या बहिणीकडे नेमकं हेच झालं. यूपीएस घेण्याआधी केबलवाल्याला एवढं विचारून घ्या.

पॉवर बँक किती मोठी घ्यावी?

रोजच्या लोकलच्या किंवा बसच्या प्रवासाला १०,००० एमएएच पुरते आणि खिशाला जड होत नाही. २०,००० ची घेतली तर ५,००० एमएएचचा फोन चार वेळा भरेल असं वाटतं, पण साधारण तीन वेळाच भरतो, कारण ३.७ व्होल्टची ऊर्जा पाचावर किंवा नऊवर चढवताना काही भाग उष्णतेत जातो. लॅपटॉप चार्ज करायचा असेल तर यूएसबी-सीमधून निदान ४५ वॅट बाहेर देणारी घ्या, नुसत्या एमएएचवर जाऊ नका.

विमानात मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास आणि २७,००० म्हणजे जेमतेम १००. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही.

स्टेशनवर किंवा कॅफेत उघड्या यूएसबी पोर्टला फोन लावू नका. चार्जिंगच्या वाटेने फोनमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही दिलेला आहे. आपला चार्जर साध्या सॉकेटला लावा, नाहीतर आपली पॉवर बँक वापरा.

ब्लू लाइटचा चष्मा घेऊ का? डोळे फार दुखतात.

त्यासाठी पैसे घालवू नका. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. कॉम्प्युटरमुळे येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी थोड्या काळापुरताही कमी होतो असं त्यात दिसलं नाही. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहा. एसीची झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर खुर्ची वळवा. नंबर तपासून वर्ष झालं असेल तर आधी ते करा.

पैसे घालवायचेच असतील तर मॉनिटरच्या वरच्या कडेला अडकवायचा दिवा पाहा. त्याचा उजेड टेबलावर पडतो, पडद्यावर चकाकी येत नाही. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत एकटा पडदा लख्ख उजळलेला असणं डोळ्यांना जड जातं, तो फरक हा दिवा कमी करतो.

नुसत्या गमतीच्या वस्तूंमध्ये काय घेण्यासारखं आहे?

वेळ मोजणारा ठोकळा मला फार आवडतो. त्याच्या प्रत्येक बाजूवर मिनिटांचा आकडा असतो. २५ वर करून ठेवला की मोजणी सुरू, उलटा केला की बंद. फोनमध्येही टायमर असतो, पण टायमर लावायला फोन हातात घेतला की तीन मेसेज वाचून होतात. ठोकळ्यात मेसेज नसतात.

चहा-कॉफीचा मग गरम ठेवणारी चकती घ्यायची असेल तर थेट सॉकेटवर चालणारी घ्या. यूएसबीवर चालणारीला बहुधा पाच ते दहा वॅटच मिळतात, तेवढ्याने चहा कोमटच राहतो. कपाचं बूड सपाट हवं, नाहीतर मधे हवा राहते आणि उष्णता पोचत नाही. कटिंग पिणाऱ्याला हिची गरज नाही, चहा निवायच्या आत संपतो. मोठा मग घेऊन दोन तास कॉफी पुरवणाऱ्यांसाठी ही वस्तू आहे.

यूएसबीचा छोटा पंखा एप्रिल-मेमध्ये वरदान आहे. एसीच्या तापमानावरून होणारे निम्मे वाद त्याने मिटतात.

इलेक्ट्रिक केटल टेबलाखालच्या एक्स्टेंशन बोर्डला लावली तर?

लावू नका, हे मी कळकळीने सांगते. साधी केटल १,५०० वॅटची असते. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, म्हणजे केटल साडेसहा अँपिअर ओढते. छोट्या तीन पिनांचं सॉकेट सहा अँपिअरचं असतं, म्हणजे १,३८० वॅटचं. त्याच बोर्डावर दोन कॉम्प्युटरही असतात. आमच्याकडे एकदा प्लगचं प्लास्टिक वितळून सॉकेटला चिकटलं होतं. वास वेळेवर आला म्हणून निभावलं. केटल पॅन्ट्रीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावायची.

लोकलमध्ये रॅकवर बॅग विसरते. ट्रॅकरचा उपयोग होईल का?

होतो, पण तो काय करतो ते समजून घ्या. या छोट्या चकत्यांमध्ये बहुतेक वेळा जीपीएस नसतं. त्या ब्लूटूथवर हाका मारत राहतात, जवळून जाणारा कुणाचाही जुळणारा फोन ती हाक ऐकतो आणि जागा कळवतो. म्हणून दादर किंवा ठाण्यासारख्या गर्दीत तो छान चालतो आणि ओसाड रस्त्यावर गप्प बसतो. आयफोनवाल्यांची आणि अँड्रॉइडवाल्यांची जाळी वेगळी, तेव्हा आपल्या फोनला जुळणाराच घ्या. आत नाण्यासारखी बॅटरी असते, ती साधारण वर्षभर पुरते. दुसऱ्याच्या सामानात त्याला न सांगता ट्रॅकर टाकणं हा पाळत ठेवण्याचा प्रकार आहे, ते करू नका.

जागेवर नसतानाही काम चालू दिसावं म्हणून माऊस आपोआप हलवणारं यंत्र मिळतं ना?

मिळतं, पण घेऊ नका. ऑफिसच्या लॅपटॉपला यूएसबीवर काय जोडलं त्याची नोंद आमच्याकडे येऊ शकते. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये कीबोर्ड चालू असल्याचा आभास केल्याबद्दल डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढलं. पाच मिनिटं उठलात की चॅटमधलं तुमचं स्टेटस पिवळं होतं याची भीती वाटत असेल, तर ते साहेबांशी बोलून सोडवा. माणसाने पाणी प्यायला उठावं, यात लपवण्यासारखं काही नाही.

निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला किंवा ऑफिसात गिफ्टसाठी चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला काय द्यावं?

चिठ्ठीसाठी बजेट कमी असतं. वायरी गुंडाळायचे वेल्क्रोचे पट्टे आणि एक चांगली लांब यूएसबी-सी वायर द्या, ती रोज हाताळली जाईल. निवृत्त होणाऱ्यांना ई-रीडर द्यावा असं सगळ्यांना वाटतं, पण आधी ते कशात वाचतात ते विचारा. आमच्या एका साहेबांना आम्ही भिंग असलेला टेबल-दिवा दिला. त्याखाली ते रोज पेपर वाचतात आणि नातीच्या खेळण्यांची सोल्डरिंग करतात.

ऑनलाइन घेतलेली वस्तू बनावट नाही हे कसं ओळखायचं?

पॉवर बँक, चार्जर, वायरलेस हेडफोन अशा वस्तूंवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. "बीआयएस केअर" अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. वस्तू हातात आली की लगेच तपासा, परत करायची मुदत संपायच्या आत. बिलाचा फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा, छापील बिलाची शाई वर्षभरात उडते. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुनी, बंद पडलेली गॅजेट्स कचऱ्यात टाकली तर चालतात का?

नाही. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते आणि तिथे हाताने कचरा वेगळा करणारी माणसं असतात. फुगलेली पॉवर बँक दिसली तर ती चार्ज करू नका, टोचू नका. ज्वलनशील काही नसलेल्या मोकळ्या जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्या जुनी वस्तू परत घेतात. आमच्या ऑफिसात रिसेप्शनच्या मागे एक निळा खोका ठेवलाय. घरचे जुने चार्जर, तुटलेले इअरफोन, मेलेले माऊस त्यात आणून टाका. दर तिमाहीला मी तो स्वतः केंद्रावर पोचवते. फक्त बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून आणा.